टपावरची खोगीरभरती

जून २०२५ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला. त्यानंतर तिचे दर, वेग आणि देशाच्या सुरक्षेचा प्रश्न यांवर भरपूर लिहून झालं आहे. गाडी घेऊन लडाख, स्पिती किंवा थेट मध्य आशियापर्यंत जाण्याचे बेत आखणाऱ्यांच्या गप्पांत मात्र निराळाच विषय असतो. ती पांढरी तबकडी बसवायची कुठे? टपावर आधीच घडीचा तंबू आहे, बाजूला गुंडाळलेली कनात आहे, वाळूतून निघायच्या पाट्या आहेत आणि इंधनाचे कॅन आहेत. आत फ्रिज, त्या फ्रिजसाठी दुसरी बॅटरी, पुढे पोलादी बंपर आणि त्यावर विंच.

यातली प्रत्येक वस्तू एकेकटी पाहिली तर उपयोगाचीच वाटते. वजनं मात्र एकदा कागदावर मांडून पाहावीत. चार माणसं २८० किलो. तंबू ६०. भरलेला फ्रिज ३५. डिझेलचे २० लिटरचे दोन कॅन ४२. चाळीस लिटर पाणी ४०. बंपर आणि विंच मिळून ८०. बेरीज होते ५३७, आणि कपडे, शिधा, हत्यारं, सुटे भाग अजून धरलेलेच नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हींची क्षमता प्रवासी धरून पाचशे किलोंच्या आगेमागे असते. मग पाटे बसतात, शॉकअब्झॉर्बर गळायला लागतात, टायरची बाजू फाटते, आणि दोष दिला जातो तो रस्त्याला.

लांब पल्ल्याच्या मोहिमांची शंभर वर्षं चाळली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जी साधनं टिकली, ती बहुतेक सगळी टंचाईतून जन्मली. पाणी वाया जाऊ नये, इंधन सांडू नये, गाडी हलकी राहावी, या गरजांनी ती घडवली. नवं सामान निवडतानाही कसोटी तीच लावावी, असं माझं ठाम मत आहे. ही कसोटी ज्याच्याकडून शिकावी, तो माणूस राल्फ बॅगनॉल्ड.

वाळूचा इंजिनिअर

बॅगनॉल्ड ब्रिटिश लष्करातला सिग्नल्सचा अधिकारी. १९२६ मध्ये तो इजिप्तला आला आणि सुट्टीत, स्वतःच्या खर्चाने, मित्रांबरोबर फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरू लागला. आधी मॉडेल टी, मग मॉडेल ए. गाड्या अगदी साध्या, आणि नकाशाचे मोठे भाग कोरे. पाणी संपलं की माणूस संपला, हे पक्कं ठाऊक असल्याने त्याने पहिला विचार पाण्याचाच केला.

वाळूत गाडी हळू चालते, इंजिन तापतं, रेडिएटरमधलं पाणी उकळून वाफ होऊन जातं. सतत पाणी ओतत राहायचं तर प्यायला काय उरणार? बॅगनॉल्डने रेडिएटरची वाफ बाहेर सोडणारी नळी वळवून गाडीच्या पायरीवर बसवलेल्या डब्यात नेली. डबा अर्धा पाण्याने भरलेला. वाफ त्या पाण्यात शिरून थंड होई आणि तिचं पाणी होई. बऱ्याच वेळाने डब्यातलंच पाणी उकळू लागलं, की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. मिनिटभरात रेडिएटर निवे, आत पोकळी तयार होई आणि डब्यातलं पाणी गुडगुड करत परत रेडिएटरमध्ये ओढलं जाई. एक डबा, एक नळी आणि थोडं पदार्थविज्ञान यांवर शेकडो मैलांचं पाणी वाचलं. आज आपल्या गाडीच्या बॉनेटखाली कूलंटची जी प्लॅस्टिकची टाकी असते, तिचं तत्त्व हेच.

दुसरा प्रश्न दिशेचा. गाडीतल्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र चुकतं. खरी दिशा हवी तर थांबा, उतरा, गाडीपासून लांब चालत जा. बॅगनॉल्डने सूर्याचं होकायंत्र वापरात आणलं. अंश कोरलेली आडवी तबकडी, मधोमध उभी सुई, आणि तबकडीवर पडणारी तिची सावली. सूर्य सरकेल तशी कोष्टक पाहून तबकडी फिरवून घ्यायची, आणि सावली ठरलेल्या अंशावर राहील अशी गाडी हाकायची. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन आपण नेमके कुठे आहोत ते पक्कं करायचं.

तिसरा प्रश्न रुतण्याचा. कैरोतल्या भंगारात त्याला पोलादी पन्हळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत घालायला केलेल्या. त्या चाकाखाली सरकवल्या की गाडी वर निघे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने टायरमधली हवा कमी केली. हवा कमी झाली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक वाळू खणत नाही. नव्या काळातही वाळूत पहिला उपाय हाच आहे, आणि त्याला लागतं फक्त हवेचा दाब मोजणारं गेज आणि पुन्हा हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर.

१९३५ मध्ये तो लष्करातून निवृत्त झाला. दुसरं महायुद्ध लागताच त्याला परत बोलावलं गेलं. १९३९ मध्ये पूर्व आफ्रिकेला निघालेल्या त्याच्या जहाजाची भूमध्य समुद्रात टक्कर झाली, ते दुरुस्तीसाठी पोर्ट सैदला लागलं आणि बॅगनॉल्ड पुन्हा इजिप्तमध्ये पोचला. इटली युद्धात उतरल्यावर, १९४० च्या उन्हाळ्यात, जनरल वेव्हेल यांनी त्याला तुकडी उभारायला सहा आठवडे दिले. ती ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’. तिच्या शेवरले ट्रकांची दारं, काचा, टप सगळं काढून टाकलं होतं, म्हणजे तेवढ्या वजनाचं पाणी, पेट्रोल आणि दारूगोळा नेता येई. याच धर्तीवर १९४१ च्या अखेरीस हिंदी घोडदळाच्या रेजिमेंटांमधून ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ उभी राहिली आणि पुढे या तुकडीबरोबर वाळवंटात उतरली.

याच माणसाने १९४१ मध्ये वाळू वाऱ्याने कशी सरकते, यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्या समजून घ्यायला शास्त्रज्ञ आजही त्याचा आधार घेतात. ‘क्युरिऑसिटी’ यानाने अभ्यासलेल्या तिथल्या टेकड्यांच्या एका पट्ट्याला त्याचंच नाव आहे. रुतलेल्या चाकापासून सुरू झालेलं कुतूहल तिथवर गेलं. आपल्या सामानाकडे इतक्या बारकाईने पाहणारा प्रवासी दुसरा मला माहीत नाही.

कॅन, सायकल आणि ॲल्युमिनियम

त्याच वाळवंटात ब्रिटिशांचं पेट्रोल पातळ पत्र्याच्या डब्यांतून जाई. डबे गळत. तळापासून आघाडीपर्यंत तीस टक्क्यांपर्यंत इंधन वाटेतच जातं, असा जनरल ऑकिनलेक यांचा अंदाज होता. जर्मनांकडे मात्र १९३७ च्या सुमारास तयार झालेला वीस लिटरचा पोलादी कॅन होता. जोड आत दबलेला, म्हणून आपटून फुटत नाही. झाकण खटक्याचं, म्हणून पान्हा लागत नाही. वर तीन मुठी, त्यामुळे एका माणसाला एका हातात दोन रिकामे कॅन धरता येतात आणि भरलेला एक कॅन दोघांना मिळून उचलता येतो. आत हवेची जागा ठेवल्याने भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. ब्रिटिशांनी हाती लागलेले कॅन वापरले, मग तसेच बनवले, आणि तो ‘जेरीकॅन’ झाला. आज प्लॅस्टिकचे देखणे चपटे कॅन मिळतात. त्यांतही विकत घेण्याआधी झाकण आणि जोड हेच तपासावं.

वजनाची कसोटी टोकाला कशी जाते, ते मुंबईच्या पारशी तरुणांनी त्याआधीच दाखवलं होतं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत मार्च १९२८ मध्ये अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघं सुमारे ७१ हजार किलोमीटर पुरे करून परतले. सायकलवर नेलेला प्रत्येक किलो आपल्याच मांड्यांनी ओढायचा असतो. गाडीवाल्याला तो जाणवत नाही, म्हणून तो विचार करत नाही.

लँडरोव्हरचंही तेच. १९४८ मध्ये तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची झाली, कारण युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता. टंचाईने गाडीची बॉडी हलकी आणि गंजमुक्त केली. १९५५ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी अशा दोन गाड्या घेऊन लंडनहून निघाले, आसामातून ब्रह्मदेशाच्या जंगलात शिरले आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोचले. त्यांतली ‘ऑक्सफर्ड’ ही गाडी पुढे सेंट हेलेना बेटावर सापडली, दुरुस्त झाली आणि २०१९ मध्ये सिंगापूरहून लंडनला परत आली.

नवं काय घ्यावं

हे सगळं सांगतो आहे ते जुन्याच्या प्रेमापोटी नाही. कसोटी प्रामाणिकपणे लावली तर अनेक नव्या वस्तू जुन्यांना सहज मागे टाकतात. पोलादी पाट्या जड, वाकणाऱ्या. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये आलेल्या नायलॉनच्या पाट्या हलक्या असतात आणि त्यांचे दात टायरला पकड देतात. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बारा-तेरा किलोंत बसते. तेवढीच शिशाची बॅटरी त्याच्या दुपटीहून जड असते. ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक न काढता दोरी भरून दहा मिनिटांत निघतं, आणि ते किट हातात मावतं.

टपावरचा तंबू मात्र या कसोटीत नापास होतो. साठ किलो सगळ्यात उंच जागी चढले की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि स्पितीच्या दरीकडे कललेल्या रस्त्यावर तेच नको असतं. जमिनीवरचा चांगला तंबू चार-पाच किलोंत येतो. पोलादी बुलबारवर तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईच्या सूचना दिल्या आहेत. टक्कर शोषायला कंपनीने केलेली रचना त्याने बिघडते आणि पादचाऱ्याचा जीव धोक्यात येतो. मोहिमेवर निघाल्याचा दिमाख एवढाच त्याचा उपयोग असेल, तर तो घरीच ठेवावा.

थंडीसाठी वेगळा हिशेब लागतो. गॅसच्या छोट्या डब्यांत ब्यूटेन असेल, तर शून्याखाली त्याची वाफच होत नाही आणि लेहमध्ये पहाटे चहाही होत नाही. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघालेला प्रायमस, म्हणजे आपल्या आज्यांनी पंप मारून, पिन घालून पेटवलेला रॉकेलचा स्टोव्ह, त्याच थंडीत पेटतो, कारण दाब आपण हाताने देतो. आजचे पेट्रोलवर चालणारे गिर्यारोहकांचे स्टोव्ह त्याच कुळातले आहेत. डिझेलही गोठतं. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. सप्टेंबरनंतर वर जाणाऱ्याने खाली मैदानात भरलेली टाकी तशीच घेऊन जाऊ नये.

शंभर ग्रॅमची परवानगी

आता पुन्हा स्टारलिंकच्या त्या तबकडीकडे. कंपनीला परवाना मिळाला, म्हणजे परदेशातून आणलेलं कोणतंही उपग्रह-यंत्र आपल्याला वापरता येईल, असा अर्थ नाही. थुराया, इरिडियमचे फोन आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीविना जवळ बाळगणं आजही गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशावर अशा यंत्रापायी कारवाई झाली. अशा अनेक प्रवाशांना कायदा माहीतही नसतो. कायदेशीर वाट आहे ती बीएसएनएलच्या उपग्रह फोनची, पण सामान्य प्रवाशाला ती सहज गाठता येत नाही.

माझ्या कसोटीवर सगळ्यात वरचा गुण मिळतो तो नेमक्या निरोप पाठवणाऱ्या त्या छोट्या, निषिद्ध यंत्राला. जेमतेम शंभर ग्रॅम वजन, एक बटण, आणि दरीत कोसळलेल्या गाडीचं ठिकाण काही मिनिटांत बचाव पथकाला कळतं. साठ किलोंच्या तंबूवर बंदी नाही आणि जीव वाचवणाऱ्या शंभर ग्रॅमवर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उपग्रह फोनची भीती का बसली, हे मुंबईकराला कुणी समजावून सांगायला नको. पण आज आधारशी जोडलेलं, नोंदणी केलेलं, फक्त संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र लेह, काझा, मुनस्यारी इथल्या प्रशासनाने अनामत घेऊन भाड्याने द्यावं, यात सुरक्षेला धोका कुठे आहे? हिमालयात बचावाला जाणाऱ्या जवानांचे आणि सह्याद्रीत रात्री-अपरात्री धावणाऱ्या स्वयंसेवकांचे शोधाचे तास त्याने वाचतील. उपग्रह सेवांचे नियम नव्याने आखले जात असतानाच ही तरतूद त्यांत घालावी. गिर्यारोहण संस्था आणि मोटार संघटनांनी ती आत्ताच मागावी.