पन्नास हजारांचा दंड आणि वीस घनफूट साग

विनापरवाना वृक्षतोडीचा दंड १,००० रुपयांवरून ५०,००० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला. वाढ पन्नासपट. त्यासाठी महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ मध्ये दुरुस्ती प्रस्तावित झाली. तोडीसाठी वापरलेली अवजारं आणि वाहनं सरकारजमा करण्याची तरतूदही त्यात होती. चर्चा झाली ती फक्त ५०,००० या आकड्याची.

जुना दंड किती तोकडा होता, हे वखारीतल्या मापावरून कळतं. सागाचा ओंडका गोलाईला ४ फूट आणि लांबीला २० फूट आहे असं समजा. गोलाईचा चौथा हिस्सा १ फूट. त्याचा वर्ग करून लांबीने गुणलं की माल भरतो २० घनफूट. घनफुटाला २,००० रुपये भाव धरला, तर एका ओंडक्याचे ४०,००० रुपये होतात. १,००० रुपयांचा दंड म्हणजे त्याच्या अडीच टक्के. ५०,००० म्हणजे १२५ टक्के.

कागदावर हा दंड मालाच्या किमतीवर मात करतो. पण प्रत्येक तोड पकडली जात नाही. तीन झाडांमागे एक पकडलं गेलं असं धरू. तीन ओंडक्यांची किंमत १,२०,००० रुपये. एक जप्त झाला, हाती उरले ८०,०००. त्यातून जुना दंड वजा केला तर ७९,०००, नवा वजा केला तर ३०,०००. नफा निम्म्याहून खाली येतो, पण शून्य होत नाही. हा हिशेब तोट्यात जातो तो गाडी जप्त झाली तर. ओंडके वाहणारा जुना टेम्पोसुद्धा ५०,००० रुपयांहून महाग असतो. म्हणून प्रस्तावातला खरा जरब बसवणारा भाग दंडाच्या रकमेत नाही, वाहनाच्या जप्तीत आहे.

आता हाच दंड आंब्याला लावून पाहू. मोहोर येणं थांबलेलं जुनं झाड, तेच २० घनफूट, भाव घनफुटाला ३०० रुपये धरला तर किंमत ६,०००. दंड मालाच्या आठपटींहून जास्त. सागाला सव्वापट आणि आंब्याला आठपट, असा फरक कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत नसावा. पण रक्कम सरसकट ठेवली की तो होतोच.

१९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत १६ प्रकारची झाडं आहेत. साग, चंदन आणि खैर यांच्याबरोबर आंबा, चिंच, जांभूळ, फणस आणि मोहही त्यात आहेत. पहिली तीन चोराला हवी असतात. बाकीची बहुतेक शेतकऱ्याच्या बांधावर आणि परसात असतात. कोकणातून या प्रस्तावाला विरोध झाला तो याच कारणाने. तिथल्या खासगी जमिनींवर ऐन, किंजळ, आंबा आणि फणस यांची दाटी आहे, आणि ही चारही झाडं अनुसूचीत आहेत.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात चित्र उलटं आहे. जिल्ह्यातलं सागाचं जंगल किनवट-माहूर भागात आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. दोन्हींच्या मधल्या या पट्ट्यात बांधावर दिसतात ती मुख्यतः बाभूळ, कडुलिंब आणि सुबाभूळ. तिन्ही अनुसूचीत नाहीत. त्यामुळे लोहा नगरपरिषदेच्या हद्दीतल्या कडुलिंबाला १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्याचं संरक्षण आहे, पण हद्दीबाहेरच्या शेतातला तितकाच जुना कडुलिंब १९६४ च्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. दंड पन्नासपट केला काय आणि शंभरपट केला काय, त्या झाडाला त्याचा उपयोग नाही.

५०,००० रुपये ही रक्कम इथे केवढी आहे, तेही पाहायला हवं. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आदल्या वर्षीच्या ४,६०० पेक्षा ६.३ टक्क्यांनी जास्त. त्या भावाने दंड भरायला १० क्विंटलांहून जास्त सोयाबीन विकावं लागतं. पीएम-किसान आणि नमो शेतकरी या दोन्ही योजनांचे मिळून वर्षाला १२,००० रुपये येतात. दंड त्यांच्या चार वर्षांच्या रकमेपेक्षा मोठा आहे.

फौजदारी कायद्याशी तुलना केली तर विसंगती आणखी ठळक होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीला, माल किंवा त्याची किंमत परत केल्यास, सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून ४,५०० रुपयांचं लाकूड चोरणारा चोरीच्या आरोपातून सामुदायिक सेवेवर सुटू शकतो, आणि स्वतःच्या बांधावरची चिंच परवान्याशिवाय तोडणारा या प्रस्तावानुसार ५०,००० रुपयांच्या दंडाला पात्र ठरतो.

याचा लाकूड व्यवसायाशी संबंध काय, हे भारतीय वन सर्वेक्षणाच्या आकड्यांत दिसतं. वनांबाहेरच्या, एक हेक्टरपेक्षा लहान तुकड्यांतल्या झाडांना हे सर्वेक्षण ‘वृक्षाच्छादन’ म्हणतं. बांधावरची आणि विहिरीकाठची झाडं यातच मोडतात. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं वृक्षाच्छादन १२,१०८ चौरस किलोमीटर होतं, २०२३ च्या अहवालात १४,५२५. वाढ २० टक्के, आणि देशात पहिला क्रमांक. देशातल्या एकूण १,१२,०१४ चौरस किलोमीटरपैकी १३ टक्के एकट्या महाराष्ट्रात. वनांबाहेरच्या झाडांतून देशाला दरवर्षी ९.१५ कोटी घनमीटर औद्योगिक लाकूड मिळू शकतं, असा याच अहवालाचा अंदाज आहे. सॉ मिल आणि प्लायवूडचे कारखाने ज्या मालावर चालणार, तो सरकारी जंगलात नाही, शेतात आहे. म्हणून झाड लावणाऱ्याला तोडीची धास्ती वाटली, तर नुकसान जंगलाचं होणार नाही, पुढच्या वीस वर्षांच्या लाकूडपुरवठ्याचं होईल.

आजही लाकूड विकणारा शेतकरी परवान्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो उभं झाड व्यापाऱ्याला देतो. सातबारा, हद्द, पाहणी, वाहतूक परवाना हे सगळं व्यापारी बघतो आणि तो खर्च भावातून कापतो. दंड वाढला की जोखीम वाढते, आणि जोखमीची किंमतही त्याच भावातून कापली जाईल.

बांबूचा अनुभव वेगळी दिशा दाखवतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने वनेतर जमिनीवरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून काढला. तोड आणि वाहतुकीच्या परवान्याची अट गेली. लातूर जिल्ह्यात शेतकरी नेते पाशा पटेल बांबूलागवडीचा आग्रह धरू शकतात, कारण लावलेला बांबू तोडून विकता येईल हे शेतकऱ्याला सांगता येतं. सागाबद्दल तसं सांगता येत नाही. जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरील वृक्षतोडीचे आदर्श नियम राज्यांना पाठवले. त्यात १० झाडांपर्यंतच्या तोडीला ऑनलाइन अर्ज आणि झाडांची छायाचित्रं एवढ्यावर परवानगीची सोय आहे. माझ्या मते ५०,००० पेक्षा हा १० चा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. परवाना सोपा झाला, तर विनापरवाना तोडणारा बहुतेक वेळा चोरच असेल.

त्या चोराला किती दंड असावा? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मथुरा-वृंदावन भागातल्या ४५४ झाडांच्या बेकायदा तोडीबद्दल झाडामागे १ लाख रुपये ठरवले. एकूण ४ कोटी ५४ लाख. तीही सरसकट रक्कम, पण एकाच प्रकरणापुरती. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या कायद्यांत जाणूनबुजून केलेल्या तोडीला नुकसानीच्या तिप्पट भरपाई आहे, आणि ती सरकारला नाही, झाडाच्या मालकाला मिळते. आपल्याकडे शेतातलं चंदन चोरीला गेलं तर दंड सरकारी तिजोरीत जातो.

तिपटीचं सूत्र वरच्या उदाहरणाला लावलं तर आंब्याला १८,००० रुपये होतात आणि सागाला १,२०,०००. तीनपैकी एक ओंडका पकडला गेलेल्या चोराच्या हातात ८०,००० होते. त्यातून १,२०,००० गेले की गाडी जप्त न होताही तो ४०,००० रुपयांच्या तोट्यात जातो.