कानाला दडे का बसतात? श्रवणाशी नाक आणि घशाचे नाते

बंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथील हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी ‘एअरो इंडिया’ हे हवाई प्रदर्शन भरते. १० ते १४ फेब्रुवारी २०२५ या कालावधीत त्याचे पंधरावे पर्व पार पडले. लढाऊ विमाने आकाशात झेपावतात आणि तितक्याच वेगाने खाली सूर मारतात, तेव्हा प्रेक्षकांच्या कानठळ्या बसतात. विमानातील वैमानिकाच्या कानावर मात्र आवाजाखेरीज आणखी एक ताण असतो. तो हवेच्या बदलत्या दाबाचा. हा ताण कान एकट्याने पेलू शकत नाही. त्यासाठी त्याला नाक आणि घशाची मदत घ्यावी लागते. त्यामुळेच एरवी किरकोळ वाटणारी सर्दी झाली, तरी वैमानिकाने उड्डाण टाळावे, असा हवाई वैद्यकातील संकेत आहे.

या ताणाचा सौम्य अनुभव सर्वसामान्यांनाही येतो. खंडाळ्याचा घाट उतरताना किंवा महाबळेश्वरहून खाली येताना कानाला दडे बसतात, आवाज दुरून आल्यासारखे वाटतात. आवंढा गिळताच ‘टक्’ असा आवाज होऊन कान मोकळे होतात. गिळण्याची क्रिया घशात होते, मग कान कसा उघडतो, या प्रश्नाच्या उत्तरातच श्रवणयंत्रणेचे एक महत्त्वाचे मर्म दडलेले आहे.

पडद्यामागची हवा

कानाचे बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण असे तीन भाग असतात. बाहेरून आलेल्या ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा हा पडदा अवघा ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची कंपने मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांच्या साखळीतून अंतर्कर्णाकडे जातात. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. पडद्याच्या कंप पावणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असल्याने अंतर्कर्णापर्यंत पोहोचणारा दाब वाढतो. पुढे शंखाच्या आकाराच्या भागात या कंपनांचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर होते आणि मेंदूला आवाज कळतो.

मध्यकर्ण ही हवेने भरलेली लहानशी पोकळी आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा असेल, तरच पडदा मोकळेपणाने कंप पावतो. दाबात तफावत पडली की पडदा एका बाजूस ताणला जातो आणि ऐकू कमी येते. शिवाय मध्यकर्णातील हवा तेथील अस्तरात सतत थोडीथोडी शोषली जाते. ती भरून काढण्याचा मार्ग घशातून जातो.

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात एका नलिकेचे तोंड असते. तेथून ही नलिका मध्यकर्णापर्यंत जाते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. प्रौढ व्यक्तीत तिची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर असते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना अथवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात आणि ताजी हवा मध्यकर्णात शिरते. ही नलिका सतत उघडी राहिली, तर स्वतःचा आवाज आणि श्वासोच्छ्वासही कानात घुमू लागतो. काही रुग्णांना हा त्रास प्रत्यक्षात होतो. म्हणजेच नलिका मिटलेली असणे जितके गरजेचे, तितकेच ती वेळेवर उघडणेही गरजेचे आहे.

उतरताना त्रास अधिक

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. १८ हजार फुटांवर तो जवळपास निम्मा होतो. प्रवासी विमान याहून बरेच उंच उडत असले, तरी आतील दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतका राखलेला असतो. विमान वर जाताना मध्यकर्णातील हवा प्रसरण पावते आणि नलिकेतून आपोआप बाहेर पडते. उतरताना नेमके उलट घडते. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि नलिका स्नायूंच्या बळावरच उघडावी लागते. दाबातील फरक सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत गेला, तर स्नायूंनाही ती उघडता येत नाही. जमिनीलगतची हवा अधिक दाट असल्याने अखेरच्या काही हजार फुटांत दाब झपाट्याने वाढतो.

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे तेथे उतरताना कानावर येणारा ताण मुंबईसारख्या किनारी शहरात उतरण्याच्या तुलनेत कमी असतो. जाताना काहीच न जाणवलेल्या प्रवाशाला परतीच्या प्रवासात दडे बसण्यामागे हेही एक कारण असू शकते.

सर्दीमध्ये हा प्रश्न गंभीर बनतो. नलिकेचे अस्तर हे नाकातील अस्तराचाच पुढचा भाग आहे. नाकात सूज आली की नलिकेलाही सूज येते आणि ती बंद होते. अशा स्थितीत विमान उतरल्यास तीव्र वेदना, मध्यकर्णात रक्तस्राव, प्रसंगी पडदा फाटणे असे परिणाम संभवतात. लढाऊ विमानात प्रवासी विमानाइतका दाब राखला जात नाही आणि उंचीही फार वेगाने बदलते. बंगळुरूमध्येच असलेली हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन ही संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. उंचीवरील कमी दाब जमिनीवरच निर्माण करणाऱ्या कक्षाची सोय या संस्थेत आहे. अशा कक्षात वैमानिकाचे कान दाबातील बदल कितपत सहन करतात, हे उड्डाणाआधीच तपासता येते.

दाबनियंत्रण बिघडल्यास निरोगी प्रवाशालाही धोका असतो. २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात आतील दाब राखणारी कळ सुरू करण्याचे राहून गेले. विमानातील १६६ प्रवाशांपैकी सुमारे ३० जणांना नाका-कानातून रक्त येणे, डोकेदुखी असा त्रास झाला आणि विमान मुंबईला परतले.

बालकांमधील मूक बहिरेपणा

विमानात कधीही न बसलेल्या मुलांसाठीही ही नलिका तितकीच महत्त्वाची आहे. लहान मुलांमध्ये ती प्रौढांच्या तुलनेत आखूड आणि अधिक आडवी असते. त्यामुळे नाक-घशातील संसर्ग कानापर्यंत लवकर पोहोचतो. नलिकेच्या तोंडाजवळील ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्यास अडथळा आणखी वाढतो. मध्यकर्णात चिकट द्रव साचतो आणि ऐकू कमी येते. अनेकदा कान दुखत नाही, वाहतही नाही. मूल हाक मारल्यावर ओ देत नाही, दूरचित्रवाणीचा आवाज वाढवते, वर्गात मागे पडते आणि घरचे त्याला हट्टी किंवा दुर्लक्ष करणारे समजतात. बोलायला शिकण्याच्या वयात असे दीर्घकाळ घडल्यास भाषेवर परिणाम होऊ शकतो. बहुतांश मुलांमध्ये हा द्रव सुमारे तीन महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. तो टिकून राहिल्यास पडद्यात बारीक नळी बसवून मध्यकर्णात हवा खेळती ठेवतात. निदान वेळेत झाल्यास हे श्रवणदोष सहसा पूर्णपणे भरून येतात.

कोणती काळजी घ्यावी

तीव्र सर्दी असल्यास शक्यतो विमानप्रवास पुढे ढकलावा. ते शक्य नसल्यास वैद्यकीय सल्ल्याने नाक मोकळे करणारे औषध घ्यावे. विमान उतरू लागल्यावर झोपू नये, कारण झोपेत गिळण्याची क्रिया कमी होते. गोळी चघळणे, पाणी पिणे, जांभई देणे उपयुक्त ठरते. तान्ह्या बाळाला या वेळी दूध पाजावे. नाकपुड्या आणि तोंड बंद करून हलकेच हवा कानाकडे ढकलण्याची पद्धत इटालियन वैद्य अंतोनियो वाल्साल्व्हा यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात जोर मात्र लावू नये. कान दुखणे, वाहणे किंवा बहिरेपणा एक-दोन दिवसांत न ओसरल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

या तिन्ही अवयवांसाठी एकच तज्ज्ञ का असतो, याचे उत्तरही याच नलिकेत सापडते. कानाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे नाक आणि घसा तपासल्याशिवाय डॉक्टरांची तपासणी पूर्ण होत नाही.