भोवऱ्याची आर आणि उभा शाफ्ट

पैठणच्या नाथसागरावर १९८४ मध्ये कार्यान्वित झालेला १२ मेगावॅटचा जलविद्युत संच एका दिशेने फिरताना वीज देतो आणि उलट दिशेने फिरवला की पाणी पुन्हा जलाशयात चढवतो. मोठ्या जलविद्युत संचांत शाफ्ट बहुधा उभा असतो, आणि जनित्राच्या फिरत्या भागापासून टर्बाइनच्या चक्रापर्यंतचे सारे वजन, पाण्याच्या दाबासह, थ्रस्ट बेअरिंग नावाच्या एकाच बैठकीवर तोललेले असते. शाफ्टला जखडलेली चकती या बैठकीतल्या तेलाच्या पातळ थरावर फिरते. फिरणाऱ्या शाफ्टचा पृष्ठभाग एका फेरीत जितका मागेपुढे होतो, त्या अंतराला रनआउट म्हणतात.

भोवऱ्याची आर तिरकी ठोकली गेली, तर लाकूड कितीही गोल कातलेले असले तरी भोवरा डुलतोच. शाफ्टच्या बाबतीत आरेचे काम चकती करते: एक मीटर व्यासाची चकती एका कडेला अवघी ०.०२ मिलिमीटर उतरती असली, तर सहा मीटर खाली शाफ्टचा मध्य ०.१२ मिलिमीटर बाजूला सरकतो आणि तिथे लावलेला डायल गेज त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.२४ मिलिमीटर, फरक दाखवतो. दोष वर असतो आणि दिसतो खाली. या मापनातली खरी गंमत हीच आहे.

मापनासाठी शाफ्टवर आठ समान खुणा करतात, एकमेकांशी काटकोनात दोन डायल लावतात आणि शाफ्ट अगदी सावकाश फिरवून प्रत्येक खुणेवर काटा वाचतात. एका फेरीत काटा एकदाच चढून उतरला तर शाफ्टचा मध्य सरकलेला असतो. दोनदा चढून उतरला तर शाफ्टच लंबगोल असतो, आणि बैठक दुरुस्त करून तो गोल होत नाही.

हल्ली शाफ्टला स्पर्श न करता विद्युतचुंबकीय क्षेत्राने अंतर मोजणारे संवेदक वापरले जातात. चालत्या यंत्रावर ते अमोल आहेत, परंतु पोलादात उरलेले चुंबकत्वही ते डुलणे म्हणून नोंदवतात. म्हणून शाफ्ट आधी संथ फिरवून तेवढी नोंद वजा करावी लागते. डायलला अशी भूल पडत नाही. त्याची परीक्षा पहिल्या खुणेवरच होते: फेरी पूर्ण होऊन काटा शून्यावर परतला नाही, तर शाफ्ट मध्येच आडवा सरकला असे धरून सगळे आकडे खोडतात आणि फेरी नव्याने सुरू करतात.