वृषणकोशातील रक्तवाहिन्यांच्या विकृती

भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झालेल्या कराराने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला व त्याच्याबरोबर सेक्टर २ सारख्या कामगारवसाहती वसल्या. विदर्भातून गेलेली मराठी कुटुंबेही तेथे स्थायिक झाली. त्याच वर्षी देशात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ह्या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु छत्तीसगड व पूर्व विदर्भ यांतील अनेक भाग हत्तीरोगाचे आहेत, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

क्युलेक्स जातीच्या डासाने पसरणाऱ्या ह्या रोगात पुरुषाच्या वृषणाभोवतालच्या पिशवीत पाणी साठते. म्हणून अशा प्रदेशात वृषणकोशाला सूज दिसली, की ‘पाणी झाले’ असे म्हणण्याची सवय पडते. बहुधा ते खरेही असते. पण क्वचित ती सूज रक्तवाहिन्यांची असते. तिच्यात पाणी काढण्यासाठी सुई खुपसल्यास रक्तस्राव होतो, व तो थांबवणे नेहमीच सोपे नसते.

ही विकृती म्हणजे गाठीचा रोग नव्हे. गर्भावस्थेत रक्तवाहिन्यांची रचना बिघडते. ती जन्मापासून असते, शरीराबरोबर वाढते आणि पुष्कळदा वयात येताना प्रथम ध्यानात येते. पेशी वाढून होणारी रक्तवाहिन्यांची गाठ व अशी रचनात्मक विकृती यांतील भेद मलिकेन व ग्लोवाकी ह्या संशोधकांनी १९८२ साली स्पष्ट केला. विकृतींचेही दोन वर्ग आहेत. नीला, केशवाहिन्या किंवा लसिकावाहिन्या यांच्या विकृतीत प्रवाह मंद असतो. रोहिणी व नीला यांचा मधल्या केशवाहिन्यांवाचून थेट संयोग झालेला असल्यास तो वेगवान असतो.

परीक्षेचा आरंभ हातांनीच होतो. रोग्यास आधी उभे करतात, मग निजवतात. नीलांची सूज मऊ असते, दाबल्यास रिकामी होते, निजल्यावर उतरते व कुंथल्यावर फुगते. तीत कधी खड्यांसारखे कठीण कण लागतात. ते साकळलेल्या रक्तात चुना साठून झालेले असतात. वेगवान प्रवाहाची सूज उष्ण लागते व तिच्यात ठोके जाणवतात. अंधाऱ्या खोलीत मागून दिवा धरल्यास पाण्याची सूज उजळते, रक्ताची उजळत नाही. मात्र लसिकावाहिन्यांची सूजही उजळते, व अंतर्गळही निजल्यावर आत जातो. तेव्हा एवढ्यावर निर्णय देणे योग्य नव्हे. ह्यांखेरीज व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या नीला फुगणे, हा विकार पुष्कळ आढळतो. तो बहुधा डाव्या बाजूस असतो, कारण डावी नीला मूत्रपिंडाच्या नीलेला काटकोनात मिळते. प्रौढ वयात तो एकाएकी उजव्या बाजूस उद्भवल्यास, किंवा निजूनही उतरत नसल्यास, पोटाची तपासणी करणे आवश्यक होय.

पुढचे साधन डॉप्लर सोनोग्राफीचे. जवळ येणाऱ्या गाडीची शिटी उंच व दूर जाणाऱ्या गाडीची खालच्या स्वरात ऐकू येते, हा अनुभव सर्वांना आहे. वाहत्या रक्तपेशींवरून परतलेल्या ध्वनीतही तसाच फरक पडतो व त्यावरून प्रवाहाची दिशा आणि वेग कळतात. ह्या तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत, वेदनाही नाही. विकृती जांघेत किंवा कटिभागात किती खोल शिरली आहे, हे मात्र एम.आर.आय.वरूनच नीट दिसते. लाज वाटते म्हणून अनेक पुरुष वर्षानुवर्षे सूज लपवतात, आणि मग ही खोली अधिकच महत्त्वाची ठरते.

लहान व निरुपद्रवी विकृतीस उपचार नसले तरी चालते. आधार देणारा लंगोट पुरतो. नीलांच्या विकृतीत औषध टोचून वाहिन्या आतून चिकटवतात. ते पुष्कळदा अनेक बैठकांत करावे लागते. मोठ्या विकृतीत रक्त आतल्या आत साकळत असल्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी रक्त गोठण्याची तपासणी करतात. वेगवान प्रवाहाच्या विकृतीत जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी सरकवून विकृतीचे केंद्रच बुजवतात, व जरूर तर नंतर ते कापून काढतात. केवळ तिकडे जाणारी मोठी रोहिणी बांधून भागत नाही. मूळ केंद्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून रक्त ओढून घेते आणि पुढच्या उपचारासाठी नळी नेण्याची वाट मात्र बंद होऊन बसते.