बरोबरीचा डाव

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हणजे घरांतील मंडळींस तो फुकट गेल्यासारखा वाटतो. स्पर्धेहून परतलेल्या मुलास आपण ‘जिंकलास कीं हरलास?’ एवढेंच विचारतों. ही समजूत तपासून पाहण्याजोगा एक डाव 2025 च्या सप्टेंबरांत समरकंद येथें झाला.

तेथील ग्रँड स्विस स्पर्धेंत स्त्रियांचा निराळा विभाग होता. तरीहि नागपूरच्या कु. दिव्या देशमुख खुल्या विभागांत उतरल्या. त्याच वर्षीं जुलैमध्यें महिलांचा विश्वचषक जिंकून त्यांनीं ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली होती. त्यांची गांठ पडली ती त्या वेळचे जगज्जेते डी. गुकेश यांच्याशीं. दोघांच्या मानांकनांत सुमारें 290 गुणांचें अंतर होतें. डाव बरोबरीत सुटला.

या अंतराचा अर्थ काय? मानांकनाच्या हिशेबाप्रमाणें अशा दोघांत शंभर डाव झाल्यास बलवानाच्या पदरीं सुमारें 84 गुण पडावे व दुसऱ्याच्या 16. म्हणून बरोबरीचा अर्धा गुण दोघांस सारखाच मिळाला, तरी हिशेब सारखा राहत नाहीं. वरच्याच्या मानांकनांतून सुमारें साडेतीन गुण वजा होतात आणि तेवढेच खालच्याच्या खात्यांत जमा होतात. बलवानाची ती तूट, दुसऱ्याची ती कमाई!

पूर्वीं असमान खेळाडू बसले म्हणजे बलवान आपला हत्ती किंवा वजीर उतरवून खेळे. ती सवलत प्रेमाची खरी; परंतु सवलतीनें मिळालेली बरोबरी आणि समोर पुरीं मोहरीं असतां राखलेली बरोबरी यांचें मोल एक नव्हे.

चिंचवड-निगडीपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या पाळ्या सांभाळणाऱ्या कुटुंबांतहि सुटीच्या दिवशीं काका-पुतणे पट मांडून बसतात. अशा वेळीं मुलांचें मन राखण्यासाठीं वडीलधाऱ्यांनीं मुद्दाम हरूं नये, असें आम्हांस वाटतें. मुलींसाठीं तर निराळा, सोपा पट मांडण्याचें मुळींच कारण नाहीं. आणि एखाद्या दिवशीं पुतणीनें डाव बरोबरीत सोडविलाच, तर ‘जिंकली नाहींस ना?’ असें न म्हणतां मोहरीं पुन्हां मांडावीं व ती कोणत्या खेळीवर तगली, तें तिच्याच तोंडून ऐकावें.