गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर टिकतं म्हणे! पण कोणाच्या आयुष्यभर?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे गाळलेत, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या भागात आपण टायरबद्दल बोललो, त्यानंतर व्हॉट्सॲपवर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. प्रश्न असा : “मी सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी बघतोय. विकणारा म्हणतो, गिअरबॉक्सला काही करावं लागत नाही, त्यातलं तेल लाइफटाइम आहे. हे खरं का?”

अर्धं खरं आहे, आणि हे अर्धं खरंच जास्त महागात पडतं. आजचा पूर्ण भाग त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. बीटेक केलंय, रोज कोड लिहितो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासन् तास बसतो. तिथेच हा विषय डोक्यात शिरला आणि मग मॅन्युअलं वाचायची सवय लागली.

गिअरबॉक्स नेमकं करतो काय?

सायकल आठवा. चढावर आपण हलका गिअर टाकतो. पाय भराभर फिरतात, चाक हळू फिरतं, पण जोर मिळतो. सपाटीवर उलटं. गाडीचं इंजिन म्हणजे तुमचे पाय. त्याला ठरावीक फेऱ्यांमध्येच नीट ताकद देता येते. इंजिनच्या फेऱ्या आणि चाकाच्या फेऱ्या यांचा हिशोब जुळवायचं काम गिअरबॉक्स करतो.

हे करताना आत लोखंडावर लोखंड घासतं, प्रचंड दाबाखाली. मध्ये असतो फक्त तेलाचा पातळ थर. मॅन्युअल गाडीत हे तेल वंगण घालतं, उष्णता वाहून नेतं आणि झिजलेले बारीक कण स्वतःत धरून ठेवतं. ऑटोमॅटिकमध्ये त्याला अजून एक नोकरी असते : त्याच्याच दाबाने आतले क्लच दाबले जातात आणि गिअर बदलतो. म्हणजे तिथे तेल हे नुसतं वंगण नाही, तो मशीनचा एक पार्टच आहे. पार्ट झिजतो, तसं हे तेलही झिजतं. उष्णतेने त्यातली रसायनं हळूहळू संपतात.

मग इंजिन ऑइल वर्षाला बदलतो आणि हे का नाही? कारण इंजिनात पेट्रोल जळतं, त्याची काजळी तेलात उतरते. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही, म्हणून ते तेल खूप जास्त टिकतं. ‘लाइफटाइम’ या शब्दाचा उगम इथे आहे. पण ‘खूप जास्त’ म्हणजे ‘कायम’ नव्हे.

तुमच्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे?

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं फुकट. ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढं उत्तर पुरत नाही, कारण ऑटोमॅटिक नावाखाली आपल्याकडे चार वेगळी मशीन विकली जातात.

*मॅन्युअल.* तीन पेडल. यात गिअर ऑइल असतं. एक बारकावा लक्षात ठेवा. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं. ५ मोठा आकडा म्हणून ‘भारी तेल’ असा समज होतो. पण जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत आणि ते निसरडंही जास्त असतं, त्यामुळे गिअर नीट पडत नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घाला.

*एएमटी.* २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये आणला आणि आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक घरोघरी पोचली. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेटच असते. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या पायाऐवजी एक यंत्रणा बसवलेली असते. म्हणून चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवली, की क्लच प्लेट तशीच जळते जशी मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर जळते. चढावर थांबलात तर ब्रेकच वापरा.

*सीव्हीटी.* यात गिअरच नसतात. दोन पुली आणि मध्ये पट्टा. तुमच्या घरच्या स्कूटरमध्ये हेच आहे! फरक एवढाच की स्कूटरमध्ये रबराचा पट्टा कोरडा चालतो आणि कारमध्ये साधारणपणे पोलादी पट्टा तेलात चालतो. त्या तेलाकडून अपेक्षा विचित्र आहे : वंगण तर घालायचं, पण पट्टा पुलीवर घसरू द्यायचा नाही. म्हणून सीव्हीटीला खास सीव्हीटीचंच तेल लागतं. साधं ऑटोमॅटिकचं तेल घातलं तर पट्टा घसरून पुलीवर चरे पडतात, आणि मग दुरुस्ती नाही, बदलीच.

*टॉर्क कन्व्हर्टर.* जुना, भरवशाचा प्रकार. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचं पातं फिरायला लागेल. इथे हवेऐवजी तेल.

*ड्युअल क्लच.* दोन क्लच, एक गिअर चालू असताना पुढचा तयार. बदल झटकन होतो. काहींचे क्लच कोरडे, काहींचे तेलात बुडालेले. तेलात बुडालेल्यांना तेलबदल बहुतेक वेळा वेळापत्रकात स्पष्ट लिहिलेला असतो.

मग ‘लाइफटाइम’ कोण म्हणतं?

इथे खरी गंमत आहे. जर्मनीची झेडएफ कंपनी अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्यांतल्या काही गाड्यांच्या कंपन्या वर्षानुवर्षं सांगत आल्या, तेल बदलायची गरज नाही. आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः काय म्हणते? वापरानुसार साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा ८ वर्षांनी, बदला. म्हणजे बनवणारा एक सांगतोय, विकणारा दुसरं.

यात कोणी खोटं बोलतंय असं नाही, प्रश्न व्याख्येचा आहे. पहिल्या मालकाचं आयुष्य, वॉरंटीचं आयुष्य आणि गाडीचं आयुष्य या तीन वेगळ्या गोष्टी. सेकंडहँड घेणारा माणूस नेमका पहिली दोन संपल्यावर येतो. आपण डेव्हलपर लोक याला टेक्निकल डेट म्हणतो. कोड लिहिणारा कंपनी सोडून जातो, व्याज पुढचा भरतो.

तेलाचा प्रकार किती महत्त्वाचा, याचं एक मोठं उदाहरण. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. काम काय? सात गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं. उष्ण आणि दमट हवेत, सतत थांबत-थांबत गाडी चालवली तर त्या सिंथेटिक तेलामुळे आतल्या विजेच्या भागात बिघाड होऊ शकत होता. उष्ण, दमट, थांबत-थांबत. ओळखीचं वाटतंय ना? ठाण्याचं घोडबंदर डोळ्यांसमोर आलं असेल.

‘सिव्हिअर’ म्हणजे आपणच

मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचं वेळापत्रक उघडा. बऱ्याच गाड्यांमध्ये दोन तक्ते असतात. एक सर्वसाधारण वापराचा, दुसरा खडतर, म्हणजे ‘सिव्हिअर’ वापराचा. सगळे पहिला बघतात. दुसऱ्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खडतर कशाला म्हणायचं : सतत ट्रॅफिक, धुळीचे रस्ते, वारंवार छोट्या फेऱ्या, डोंगराळ भाग, खूप उकाडा.

आता प्रामाणिकपणे सांगा. पुण्यात, नाशकात, नागपुरात गाडी चालवणाऱ्या कोणाला यातलं एकही लागू होत नाही? सुट्टीला ताम्हिणी नाहीतर आंबोली, रोज सिग्नल, मे महिन्यात विदर्भाचं ऊन. आपल्यासाठी दुसरा तक्ता हाच पहिला तक्ता आहे. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आतेभावाची गाडी

माझ्या आतेभावाने दोन वर्षांपूर्वी सात वर्षं जुनी ऑटोमॅटिक घेतली. बॉडी चकाचक, टायर नवे. सर्व्हिसच्या पावत्यांमध्ये इंजिन ऑइल वेळच्या वेळी, गिअरबॉक्सचा एकही उल्लेख नाही. विकणाऱ्याने तेच सांगितलं, लाइफटाइम आहे.

पहिल्यांदा सकाळी गार गाडीत डी टाकला की क्षणभर थांबून मग धक्का बसायचा. तो म्हणाला, जुनी गाडी आहे, चालायचंच. मग बोरघाट चढताना एकदा इंजिनच्या फेऱ्या एकदम वाढल्या आणि गाडीचा वेग मात्र तसाच. याला स्लिप म्हणतात. मागून ट्रक, गाडीत आत्या. त्याने कशीबशी गाडी बाजूला घेतली. गॅरेजमध्ये तेल काढलं तर लालऐवजी काळपट आणि करपल्याचा वास. गिअरबॉक्स उघडावा लागला. खर्च निघाला गाडीच्या खरेदी किमतीच्या जवळपास एक तृतीयांश. आणि विमा? यांत्रिक बिघाड आणि झीज नेहमीच्या पॉलिसीत बसतच नाही. सगळे पैसे खिशातून.

त्या गाडीला वाचायची संधी होती. डी टाकल्यावर बसणारा तो धक्का म्हणजे एरर लॉग होता.

असे अजून काही लॉग : गिअर टाकताना करकर, मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर अडणं, वळताना किंवा वेगात नवीन घरघर, पार्किंगच्या फरशीवर तेलाचा डाग. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

“जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बसतो”

हे कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. होतं काय, की लोक गिअरबॉक्स घसरायला लागल्यावर पहिल्यांदा तेल बदलायला जातात. क्लच आधीच झिजलेले असतात. नव्या तेलाने ते परत येत नाहीत. महिन्याभरात गाडी बसते आणि नाव तेलाचं होतं. त्यामुळे लक्षणं सुरू झालेली असतील तर आधी तपासणी, मग तेल.

दुसरं, मशीन लावून दाबाने ‘फ्लश’ करून देतो असं कोणी म्हणालं तर आधी मॅन्युअल बघा. अनेक कंपन्या साधं काढा-आणि-भरा हेच सुचवतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच तेल अडकून राहतं, त्यामुळे एका वेळी सगळं निघत नाही, आणि ते ठीक आहे.

तिसरं, हल्ली बऱ्याच ऑटोमॅटिकला डिपस्टिक नसते. तेलाची पातळी गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला मोजतात. म्हणून हे काम ज्याच्याकडे स्कॅनर आहे त्याच्याकडेच द्या.

पावसाळा आला की

गिअरबॉक्सला श्वास घ्यायला छोटी नळी असते. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात गेला की एकदम गार होतो आणि आत हवा ओढतो. नळी पाण्याखाली असेल तर पाणीच ओढतो. तेलात पाणी मिसळलं की ते दुधाळ दिसतं. गाडी साचलेल्या पाण्यात उभी राहिली असेल तर इंजिन ऑइलसोबत गिअरबॉक्सचं तेलही तपासायला सांगा. बहुतेक लोक हे विसरतात.

आणि ऑटोमॅटिक बंद पडली तर दोरी बांधून ओढू नका. आतला तेलाचा पंप सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले पार्ट कोरडे घासतायत. फ्लॅटबेडच बोलवा.

उद्या सकाळी काय कराल?

एक, मॅन्युअल शोधा. डॅशबोर्डच्या खणात नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर पीडीएफ असते. ‘ट्रान्समिशन’ शब्द शोधा. तेलाचं नेमकं नाव आणि खडतर वापराचे किलोमीटर, दोन्हीचा स्क्रीनशॉट घ्या.

दोन, जुन्या पावत्या चाळा. गिअरबॉक्सची नोंद आहे का? नसेल तर झालेलं नाही असंच धरा.

तीन, पुढच्या सर्व्हिसला स्वतः विचारा आणि जॉबकार्डवर लिहून घ्या. मॅन्युअल किंवा एएमटी असेल तर काढलेल्या तेलाच्या बोल्टवरचं लोहचुंबक बघायला मागा. काळी बारीक पेस्ट असेल तर चालतं, चमकणारे तुकडे असतील तर प्रश्न विचारा.

चार, सवयी. उतारावर पार्क करताना आधी हँडब्रेक, मग पी, म्हणजे गाडीचं वजन आतल्या छोट्या खिळीवर येत नाही. घाटात उतरताना न्यूट्रल नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आर नाही. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही.

आणि इलेक्ट्रिक गाडीवाले, हसू नका! तुमच्याकडे पाच गिअर नसले तरी मोटरचा वेग कमी करणारा एक गिअरसंच असतो, आणि त्यातही तेल असतं. तुमच्याही मॅन्युअलमध्ये ती ओळ शोधा.

स्क्रीनशॉट घेतलात तर ग्रुपवर टाका, सोबत गाडीचं मॉडेल आणि गिअरबॉक्सचा प्रकार लिहा. त्यावरून पुढच्या एखाद्या भागात आपण तक्ताच बनवू. पुढच्या आठवड्यात विषय आहे ब्रेक फ्लुइड. तोपर्यंत सांभाळून चालवा. भेटूच!