मज्जाच मज्जा! हाडांतली फॅक्टरी आणि तिचे डॉक्टर

रविवारच्या मटणातली नळी ताटावर ठोकून आतला गर ओढता ना? तो गर म्हणजे कोण, माहीत आहे का? बोन मॅरो, अर्थात अस्थिमज्जा! आपल्याही हाडांत ती चोवीस तास ड्युटीवर असते. सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी बनवते. ना वीकली ऑफ, ना दिवाळी बोनस.

या फॅक्टरीत बिघडलेला माल निघायला लागला की ब्लड कॅन्सर. मग कधीकधी मज्जाच बदलावी लागते. चिरफाड? छे! आधीची केमो भलतीच कडक असते, पण ट्रान्सप्लांटच्या दिवशी दात्याच्या पेशी चक्क सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. हाडांचा पत्ता त्या स्वतःच शोधतात. गूगल मॅप्सशिवाय!

दात्याचा ब्लडग्रुप वेगळा असला तर पेशंटचाही हळूहळू बदलतो. 'ए' म्हणून ॲडमिट, पुढे कायमचा 'ओ'!

भारतात हा प्रयोग पहिल्यांदा कुठे जमला, माहीत आहे का? आपल्या परळला! टाटा मेमोरियल, मार्च १९८३. पेशंट नऊ वर्षांची मुलगी, मज्जा दिली तिच्या भावानं. भाऊबीजेची याहून भारी ओवाळणी ऐकलीय? डॉक्टर होते सुरेश अडवाणी. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअर. मेडिकलची ॲडमिशन आधी नाकारली गेली, तर पठ्ठ्या भांडून आत गेला. पुढे पद्मश्री, पद्मभूषण! (नकार देणाऱ्यांनी पेपरात फोटो पाहिला असेलच.)

अडवाणी ट्रान्सप्लांट शिकले सिएटलला. तिथले बॉस डॉनल थॉमस, नोबेल १९९०. त्यांची लव्हस्टोरी? टेक्सासमध्ये क्वचित पडणारा बर्फ पडला आणि एका मुलीनं भिरकावलेला गोळा थेट यांच्या तोंडावर! नेम दुसऱ्यावर होता, असं बाई सांगायच्या. त्या डॉटी. लग्नानंतर पत्रकारितेचा अभ्यास सोडून लॅबमध्ये आल्या आणि आयुष्यभर नवऱ्याच्या रिसर्चमध्ये राहिल्या.

आता औषधांमधला ट्विस्ट. १९२८ मध्ये लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं, याचा शोध घ्यायला. गुण कशानं आला? पावाला लावायच्या काळ्या, खारट मार्माइटनं! त्यातलं गुपित निघालं फॉलिक ॲसिड. पण ल्युकेमियाच्या, म्हणजे एका ब्लड कॅन्सरच्या, पेशींनाही हेच टॉनिक लागतं. मग आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमनं त्याचा 'ड्युप्लिकेट' बनवला आणि बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७ मध्ये तो आजारी मुलांना दिला. पेशी फसल्या! काही काळापुरता का होईना, ल्युकेमिया मागे हटला. सुब्बारावांना नोबेल? नाही मिळालं. आमचा निषेध.

कुंडीतली सदाफुली कमी लेखू नका. कॅनडात तिच्यात डायबेटिसचं औषध शोधत होते, हाती लागलं कॅन्सरचं. व्हिन्क्रिस्टिन हे तिचंच लेकरू. (पानं चघळू नका, प्लीज!)

आणि सोमल? हो, तोच विषारी आर्सेनिक! ल्युकेमियाच्या एका प्रकारावर आज तो अधिकृत औषध आहे.

अलीकडचं यश पुन्हा मुंबईचंच. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांची नेक्सकार१९ ही थेरपी, मंजुरी २०२३. पेशंटच्याच टी-पेशी, म्हणजे शरीराचे शिपाई, काढायच्या, ट्रेनिंग द्यायचं, परत पाठवायच्या. या ट्रेनिंगसाठी पेशीत नवा जीन पोचवणारा कुरिअर बॉय कोण, माहीत आहे का? एचआयव्हीच्या कुळातला, नांगी मोडलेला व्हायरस!

वाचून झालं? मग मज्जेतल्या स्टेम सेलचा दाता म्हणून नाव नोंदवा. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, बस्स. नोंदणीला सुईसुद्धा नाही!